मनूने काय खाल्लं होतं?

संक्रांत होऊन आठवडा झाला होता आणि खालच्या मजल्यावर बोरन्हाण होतं. पाटावर काळं झबलं घातलेलं सव्वा वर्षाचं बाळ, डोक्यावर हलव्याचा मुकुट, हातात हलव्याची बासरी, आणि हे सगळं अंगाला टोचतंय म्हणून रडवेलं झालेलं तोंड. शेजारी मोठ्या परातीत चुरमुरे, बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे आणि हल्लीच्या रिवाजाप्रमाणे वरून जेलीच्या डब्या, रंगीत गोळ्या, चॉकलेटं. परात बाळावर उपडी व्हायची वाट बघत डझनभर पोरं दबा धरून बसलेली. आमची मनू मात्र बसलेली नव्हती. ती हॉलमधून गॅलरीत, गॅलरीतून हॉलमध्ये अशा फेऱ्या मारत किंचाळत होती, आणि त्यातल्याच एका फेरीत तिच्या फ्रॉकचा घेर लागून हळदी-कुंकवाचं तबक आडवं झालं. पांढऱ्या फरशीवर कुंकू पसरलं. "शुगर रश," सोफ्यावरच्या एक काकू म्हणाल्या. त्यांचा नातू न्यू जर्सीला असतो, तिकडे त्याचंही असंच होतं म्हणे. "चॉकलेटं खाल्ली ना, आता तासभर हे असंच बघायचं." बाकीच्या बायकांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

परात अजून भरलेलीच होती. मनूने त्यातलं काहीच खाल्लं नव्हतं. घरून निघताना मगभर दूध पिऊन आली होती, तेवढंच.

ते वाक्य मला डाचत राहिलं. काकूंचा राग वगैरे काही आला नव्हता, उलट त्यांनी मला वाचवलंच होतं. चार बायकांसमोर पोरगी तबक उडवते तेव्हा 'वळण लावलं नाही' हा शेरा सगळ्यांच्या ओठांवर आलेला असतो. त्याच्या जागी साखर आली की आईची सुटका होते, दोष परातीकडे जातो. मनू तेव्हा साडेचार वर्षांची, ज्युनियर केजीत. एका जागी बसणं तिला ठाऊकच नव्हतं. एक घास टेबलाशी, दुसरा टीपॉयच्या पलीकडे, तिसरा पडद्यामागे. शाळेतून निरोप आला होता की गोष्ट चालू असताना उठते, शेजारच्या मुलाला ढोसते, चित्र अर्धं रंगवून कागद चुरगाळते. पण खरी कसोटी संध्याकाळी लागायची. पाळणाघरातून साडेपाचला घरी आलो की उंबऱ्यातच बिनसायचं. डावी चप्पल आधी निघाली म्हणून रडं, ती परत घालून उजवी आधी काढली तरी रडं. मग जमिनीवर लोळण, हाताला येईल ते फेकणं, कधी माझ्या मनगटाचा चावा. मुलगा असता तर 'मस्तीखोर आहे हो' म्हणत लोकांनी थोडं कौतुकही केलं असतं, असं मला तेव्हा सारखं वाटायचं. मुलीच्या मस्तीला ती सवलत नाही.

कारणांना घरात तोटा नव्हता. सासूबाईंच्या मते जंत. रात्री दात खाते, पहाटे नाक खाजवते, गोडाला चटावलीय, आणखी काय पुरावा हवा? माझी आजी असती तर तिचंही हेच निदान झालं असतं आणि वावडिंग टाकून उकळलेलं पाणी सुरू झालं असतं. आमच्या लहानपणी मुलांच्या प्रत्येक वागण्याचं मूळ पोटातच शोधलं जायचं. बाळ किरकिरलं की बेंबीभोवती हिंगाचा लेप, पोर तापट झालं की 'उष्ण पडलंय' म्हणून सब्जा, आणि कशाचाच गुण आला नाही की शेवटी मीठ-मोहऱ्या. सहाणेवर बाळगुटी उगाळताना वेखंड, मुरुडशेंग, बाळहिरडा, सुंठ यांचे वेढे आजी मोजून घ्यायची, पण ज्या दिवशी घरात पाहुणे असत त्या दिवशी जायफळाचे एकदोन वेढे जास्त पडत आणि बाळ दुपारभर गाढ झोपे. खाण्याने वागणं बदलतं हे आपल्याला कुणी बाहेरून येऊन शिकवायची गरज नव्हती. जंतांचं म्हणाल तर ते सरकारलाही मान्य आहे. १० फेब्रुवारीला अंगणवाड्यांतून आणि शाळांतून मुलांना अल्बेंडाझोलची गोळी देतात, ती काही उगाच नाही. मनूलाही दिली. तिने ती चघळून खाल्ली आणि अजून एक मागितली. दात खाणं थांबलं नाही, चपलेवरून रडणंही नाही.

मग मी रंगांच्या मागे लागले.

याला निमित्त झालं ते बोरन्हाणातूनच घरी आलेल्या जेलीच्या डबीचं. तिच्या बुडाशी मुंगीएवढ्या अक्षरांत घटक छापलेले होते. मोबाइलने फोटो काढून, तो मोठा करून वाचावे लागले. शेवटच्या ओळीत 'परमिटेड सिंथेटिक फूड कलर' आणि पुढे आकडे, १०२, ११०, १२४. १०२ म्हणजे टारट्राझीन, लिंबासारखा पिवळा. ११० सनसेट यलो, तो बुंदीच्या लाडवाचा केशरी. १२४ पाँसो फोर आर, तो लाल. त्या रात्री मी बराच वेळ वाचत बसले. इंग्लंडमधल्या साउदम्प्टन विद्यापीठाने सुमारे ३०० मुलांवर केलेला एक प्रयोग २००७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. काही मुलं तीन वर्षांची, काही आठ-नऊ वर्षांची. त्यांना फळांच्या रसासारखं एक पेय काही आठवडे दिलं. कधी त्यात असे रंग आणि पदार्थ टिकवण्यासाठी घालतात ते सोडियम बेन्झोएट, कधी काहीच नाही, पण चव आणि रूप हुबेहूब सारखं. कुठल्या आठवड्यात कुठलं हे ना मुलांना ठाऊक, ना आईबापांना. रंगाच्या आठवड्यांत मुलांची चुळबुळ सरासरीने थोडी वाढलेली दिसली. थोडीच. शिवाय सगळ्यांची सारखी नाही, काहींवर ढिम्म परिणाम नाही, काही एकदम उधळलेली. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने हा पुरावा तोकडा ठरवला, तरी तिथल्या संसदेने इशारा छापायचा निर्णय घेतला. जुलै २०१० पासून प्रयोगातल्या सहा रंगांपैकी एकही असलेल्या पाकिटावर 'मुलांच्या हालचालींवर आणि लक्ष देण्यावर प्रतिकूल परिणाम होऊ शकतो' असं लिहावं लागतं. हे असलं वाक्य आपल्या मालावर कोण छापेल? बऱ्याच कंपन्यांनी तिकडे मुकाट्याने रंगच बदलले, हळद आणि बीट वापरायला लागले. आपल्याकडे ते वाक्य नाही. आकडे आहेत, मुंगीच्या पावलांएवढे.

दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघराचा फडताळ उपसला. क्रीमची बिस्किटं, टोमॅटो सॉस म्हणवणारं काहीतरी, कस्टर्डची पावडर, बोटांत घालून खायच्या पिवळ्याधमक नळ्या, केकवर भुरभुरायचे मणी, बडीशेपेच्या रंगीत गोळ्या. यातलं किती मी स्वतः आणलं होतं आणि किती वाढदिवसांच्या परतभेटींतून आलं होतं ते सांगणं कठीण आहे. परतभेटीची पिशवी हा एक स्वतंत्र लेखाचा विषय आहे. मंदार ऑफिसातून आला तेव्हा ओट्यावर हे सगळं रचलेलं होतं आणि मी यादी करत होते. त्याने एक नळी उचलून तोंडात टाकली. "मी ह्याच खाऊन वाढलो," तो म्हणाला. सासूबाई आतून म्हणाल्या, "म्हणूनच असा झालास."

वाचत गेले तशी मागची पिढीही भेटली. सॅन फ्रान्सिस्कोच्या बेंजामिन फाइनगोल्ड या ॲलर्जीतज्ज्ञाने १९७३ मध्ये डॉक्टरांच्या सभेत सांगितलं होतं की कृत्रिम रंग आणि स्वाद बंद केले की अतिचंचल मुलांपैकी पुष्कळ सुधारतात. त्याच्या पथ्यात तर सफरचंद, संत्रं, टोमॅटो, द्राक्षं यांनाही सुरुवातीला बंदी, कारण त्यांत सॅलिसिलेट्स नावाची नैसर्गिक रसायनं असतात. अमेरिकेत घरोघरी आया भिंगं घेऊन डबे वाचायला लागल्या. पुढे नियंत्रित प्रयोग झाले तेव्हा त्याने सांगितलं होतं तितक्या मुलांत फरक काही सापडला नाही, अगदी थोड्या मुलांत सापडला. तेव्हा टीकाकारांनी एक मुद्दा काढला. हे पथ्य एकट्या मुलाला करता येत नाही. सगळं घर ते पाळतं, आई ताजं रांधते, बाप डबे वाचतो, मुलाच्या ताटाकडे सगळ्यांचं लक्ष जातं. मग सुधारणा रंग गेल्यामुळे की लक्ष आल्यामुळे? हे वाचून मी जरा चरफडले. यादी नुकतीच फ्रिजवर लावली होती.

आणि साखर? काकूंची साखर? ती सगळ्यांत जास्त तपासली गेलेली निघाली. १९९५ साली अमेरिकी वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात अशा २३ प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला गेला, आणि साखरेने मुलांच्या वागण्यात फरक पडतो असं काही त्यात दिसलं नाही. दात किडतात, वजन वाढतं, ते वेगळं. पण मला झोप लागू दिली नाही ती त्याच्या आदल्या वर्षीच्या एका छोट्या प्रयोगाने. 'आमच्या मुलाला साखर बाधते' असं सांगणाऱ्या ३५ आया आणि त्यांचे पाच ते सात वर्षांचे मुलगे. सगळ्या मुलांना एकच पेय दिलं, त्यात साखरेचा कणही नव्हता, गोडीसाठी ॲस्पार्टेम. निम्म्या आयांना मात्र सांगितलं की याला आता भरपूर साखर दिलीय. मग मायलेकांना एकत्र खेळू दिलं आणि चित्रण केलं. ज्यांना साखर दिल्याचं सांगितलं होतं त्या आयांना आपलं मूल जास्त चेकाळलेलं वाटलं. इथपर्यंत गंमत आहे. पुढची गोष्ट अशी की चित्रणात त्या आया मुलाच्या जास्त जवळ घुटमळत होत्या, जास्त टोकत होत्या, जास्त टीका करत होत्या. पेल्यात साखर नव्हतीच. बदललं होतं ते आईचं बघणं.

बोरन्हाणाच्या दिवशी माझी मान डोलावून झाल्यावर मी काय केलं होतं ते मला आठवलं. मनूचा दंड धरून तिला शेजारी बसवलं होतं, आणि परात उपडी झाली तरी सोडलं नव्हतं.

हे सगळं वाचून शहाणी झाले आणि यादी फाडली असं मुळीच झालं नाही. रंग बंदच ठेवले. ज्याचा काडीचा उपयोग नाही आणि थोडी शंका आहे ते पोरीच्या पोटात कशाला घालायचं, एवढा साधा हिशेब त्याला पुरतो. पण पथ्य या गोष्टीची मला भीतीही वाटायला लागली, ती एका मैत्रिणीमुळे. तिचा मुलगा स्वमग्न आहे, सहा वर्षांचा. तो मोजक्या गोष्टी खातो आणि त्या ठरल्यासारख्याच हव्या असतात. पोळी हवी पण डाग पडलेली नको, दही हवं पण घट्ट, दूध विशिष्ट पेल्यातच. तिला ऑनलाइन कुणीतरी पैसे घेऊन सांगितलं की गहू आणि दूध संपूर्ण बंद करा, तीन महिन्यांत बोलायला लागेल. आता सांगा, त्याच्या ताटातून पोळी, दही, दूध काढलं की राहिलं काय? तो ज्वारीच्या भाकरीला हात लावेना, बदामाचं दूध थुंकून टाकी. वजन उतरलं. रात्री भुकेने उठून फ्रिजशी उभा राहायचा, बोलता येत नाही म्हणून हँडल ओढत. या पथ्याने स्वमग्नतेत फरक पडतो याला भक्कम पुरावा नाही हे तिला तिच्या बालरोगतज्ज्ञांनी समजावलं, तेव्हा ती त्यांच्यावरच चिडली होती. मला तिचा राग कळतो. डॉक्टर सांगतात धीर धरा, थेरपीला वेळ लागतो. तो माणूस निदान हातात काहीतरी करायला देत होता, आणि रोज तीन वेळा करता येईल असं. रांधण्याइतकं आईच्या हातात दुसरं आहेच काय? शेवटी तिने पोळी पुन्हा सुरू केली. त्या दिवशी त्याने ओळीने चार खाल्ल्या, हे सांगताना ती हसत होती आणि फोन ठेवायची घाई करत होती.

आमच्याकडे गाडी वेगळ्याच फाट्याला लागली. लसीकरणाला गेले तेव्हा सहज डॉक्टरांपुढे संध्याकाळचं गाऱ्हाणं मांडलं. त्यांनी मनूची खालची पापणी ओढून पाहिली, नखं दाबून पाहिली आणि विचारलं, "माती, खडू, भिंतीचे पोपडे, असं काही खाते?" गॅलरीतल्या भिंतीला ओल आलीय, तिथले पोपडे ती नखाने काढते हे मला ठाऊक होतं. ते तोंडात जातात हेही ठाऊक होतं. पण मी स्वतः पाटीवरच्या पेन्सिली खात मोठी झालेली, वर्गात निम्म्या पोरी खायच्या, त्यामुळे त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. दुसरा प्रश्न होता, "दूध किती पिते?" मी अभिमानाने सांगितलं. सकाळी मगभर, पाळणाघरातून आल्यावर मगभर, झोपताना मगभर, मध्ये रुसली तर आणखी. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन नऊच्या घरात, आणि या वयाला ते ११च्या वर हवं.

दूध पांढरं आणि पोर पांढरंफटक, यांचा संबंध मी कधी जोडला नव्हता. दुधात लोह जवळजवळ नसतंच. त्यातलं कॅल्शियम दुसऱ्या अन्नातलं लोहही नीट शोषू देत नाही, आणि पोट भरल्यामुळे मूल पालेभाजी, उसळ, अंडं यांना शिवत नाही. दिवसाला अर्ध्या लिटरच्या आत ठेवा, चहा तर अजिबात नको, असं डॉक्टर म्हणाले. लोह कमी पडलेलं मूल निस्तेज, सुस्त असेल अशी माझी कल्पना होती. ते चिडकं असू शकतं, त्याचं लक्ष उडू शकतं, रात्रभर ते पाय झाडत झोपू शकतं, हे नवीन होतं. आणि मनू काही जगावेगळी नव्हती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या फेरीत महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षं वयाची सुमारे ६९ टक्के मुलं रक्तक्षयी निघाली. शंभरातली एकोणसत्तर. त्या बोरन्हाणाला जमलेल्या पोरांत कितीजण असतील याचा मी मनाशी हिशेब करत राहिले. आम्ही जेलीचे आकडे वाचत होतो आणि हा आकडा कुठल्या डबीवर छापलेला नसतो.

घरी येऊन दुधाची बातमी सांगणं ही सगळ्यांत अवघड कामगिरी. सासूबाई साताऱ्याकडच्या. त्यांच्या माहेरी दोन म्हशी होत्या, पण दूध पहाटे आणि संध्याकाळी केटलीतून डेअरीला जायचं, फॅट लागावी म्हणून त्यातलं काही घरात ठेवायचं नाही असा वडिलांचा दंडक. पोरांना कोरा चहा, त्यात भाकरी कुस्करून. पगार दहा दिवसांनी व्हायचा, तो शाळेच्या फीला. त्या सांगतात, केटली रिकामी झाल्यावर कडेला राहिलेला फेस बोटाने पुसून चाटायला भावंडांत पाळ्या लावलेल्या असत. अशा बाईला मी म्हणत होते की नातीचं दूध तोडा. "दुधाने कुणाचं वाईट झालंय कधी?" त्या एवढंच म्हणाल्या आणि दोन दिवस माझ्याशी मोजकं बोलल्या. तिसऱ्या दिवशी नाचणीचं सत्त्व करून आणलं, त्यात दूध घातलं होतंच. मग हळिवाचे लाडू झाले, नारळ-गुळात मळून, वरून लिंबू पिळलेली मोड आलेल्या मटकीची उसळ झाली. अंड्याला मात्र त्यांनी ओट्यावर जागा दिली नाही. ते गॅलरीत, इंडक्शनच्या शेगडीवर, वेगळ्या भांड्यात. आता रोज संध्याकाळी पोपडे निघालेल्या त्याच भिंतीशेजारी माझी लेक अंडं सोलत उभी असते, आणि आतून विचारणा होते, "झालं का तिचं ते?"

लोहाचे थेंब ही आणखी एक परीक्षा. गंजलेल्या खिळ्याची चव लागते त्यांना, मी चाखून पाहिलीय. उपाशीपोटी मोसंबीच्या रसातून, दुधापासून दोन तास लांब, दात काळे पडू नयेत म्हणून जिभेच्या मागे. शी काळी होते हे डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं म्हणून बरं, नाहीतर सासूबाईंनी त्याच दिवशी बाटली मोरीत ओतली असती.

आणि एक बदल कुणीच सांगितला नव्हता, तो पाळणाघरातल्या मावशींच्या एका वाक्यातून आला. "चारला खायला देते तेव्हा ती खेळात असते, डबा तसाच राहतो ओ." म्हणजे साडेबाराच्या वरण-भातानंतर साडेपाचपर्यंत पोटात काही नाही. उंबऱ्यात चप्पल काढताना जे रडत होतं ते निव्वळ भुकेलं पोर होतं. पाच तास काही न खाता मी तरी कुणाशी धड बोलेन का? छांदोग्य उपनिषदात उद्दालक आपल्या शिकून आलेल्या मुलाला, श्वेतकेतूला, हेच दाखवतो. मन अन्नाचं बनलेलं आहे म्हणतो, आणि मुलाचा विश्वास बसावा म्हणून त्याला पंधरा दिवस नुसत्या पाण्यावर राहायला लावतो. सोळाव्या दिवशी म्हणतो, आता ऋचा म्हण. श्वेतकेतूला एकही आठवत नाही. जा, जेव, मग ये, असं बाप सांगतो. जेवून आल्यावर त्याला सगळं आठवतं. आहाराची शुद्धी, सात्त्विक-राजस-तामस याबद्दल आपल्याकडे प्रवचनं पुष्कळ होतात. उद्दालकाचा धडा मात्र सरळ आहे, पोरगं उपाशी असेल तर त्याच्याकडून कशाचीच अपेक्षा करू नका. मी पाळणाघराच्या दारातच तिच्या हातात काहीतरी द्यायला लागले. कधी राजगिऱ्याची वडी, कधी पोळीचा लाडू, कधी मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा. स्कूटरवर पुढे उभी राहून ती खाते आणि सगळे कण माझ्या ओढणीवर. घरी पोचेपर्यंत चप्पल कुठल्या पायातली आधी काढायची हा प्रश्न बराच मवाळ झालेला असतो.

मंदारला विचारलं तर तो म्हणतो मनू सुधारली ती त्याच्यामुळे, कारण याच काळात तो घरी लवकर यायला लागला आणि जेवताना मोबाइल लावायचा बंद झाला. सासूबाई श्रेय हळिवाला देतात. डॉक्टर लोहाला, कारण पुढच्या तपासणीत आकडा वर सरकला होता. शाळेतल्या टीचर म्हणाल्या, "मॅम, या वयात सगळीच थोडी सेटल होतात." आणि मी? मी अजून डब्यांच्या बुडाशी वाचते. एकाच वेळी इतक्या गोष्टी बदलल्या की कशाने काय झालं हे साउदम्प्टनवाल्यांनाही सांगता येणार नाही. शास्त्रशुद्ध करायचं तर एका वेळी एकच गोष्ट बदलायला हवी होती. पण रात्री दहा वाजता पोरगी पाय झाडत असताना एवढा संयम कुणाला असतो? आणि ती पूर्ण शांत वगैरे झालेली नाही. गोष्ट चालू असताना अजून उठते. चित्र पूर्ण रंगवते, मग चुरगाळते.

एका गोष्टीचा मात्र मला त्रास होतो. मनू आता पाच पूर्ण आहे, तिला आकडे ओळखता येतात. दुकानात ती पाकीट उलटं करून एक-शून्य-दोन शोधते आणि सापडलं की मोठ्याने जाहीर करते. परवा वाण्याच्या दुकानात एका आजोबांच्या पिशवीत डोकावून म्हणाली, "आजोबा, यात वाईट रंग आहे. तुम्ही मग लोकांना माराल." आजोबा दचकले, हसले, मग विचारात पडले. मी तिला घाईघाईने बाहेर काढलं. आपण वाईट वागतो कारण आपल्या आत काहीतरी वाईट गेलेलं असतं, असं तिने यातून घेतलंय की काय? मध्यंतरी मावसबहिणीचं खेळणं हिसकावल्यावर ती स्वतःच म्हणाली होती, "मी आज जेली खाल्ली असेल." खाल्ली नव्हती. खेळणं हवं होतं म्हणून हिसकावलं होतं. मी तेव्हा तेच सांगितलं तिला, की जेलीला मध्ये आणू नकोस, बहिणीला परत दे. दिलं. आपटून दिलं, पण दिलं.

फ्रिजवरची यादी मग मी काढली, तिला वाचता येईल अशा उंचीवर तरी ती नको म्हणून. रंगीत खाऊ घरात येत नाही. दुसऱ्याच्या घरी, लग्नात, गणपतीच्या आरतीनंतर जे हातावर पडतं ते खावं, त्यावर भाषण नाही, एवढं ठरलंय.

मे महिन्यात तिचा मामेभाऊ राहायला आला होता. एका रात्री जेवणं झाल्यावर सगळे चौपाटीसारखं वाटणाऱ्या त्या कोपऱ्यावरच्या गोळेवाल्याकडे गेलो. मनूने काचेच्या बाटल्यांची रांग नीट न्याहाळली आणि काळा खट्टा मागितला. जांभळे ओठ, जांभळी हनुवटी, कोपरापर्यंत ओघळ. घरी आल्यावर दोघं गादीवरून सोफ्यावर आणि सोफ्यावरून गादीवर साडेअकरापर्यंत उड्या मारत होती. मंदारने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, भाऊ आलाय तिचा, सुट्टी आहे. सासूबाई पलंगावर पाय वर घेऊन हे सगळं बघत होत्या. "उद्या जाणार असाल तर मला पण न्या," त्या म्हणाल्या. "मला कच्ची कैरी."